आठ दिवसांचे पाहुणे

दिवाळीच्या सुटींत आजोबा-आजी कोंकणांतून येणार, हें वर्तमान घरांत आलें त्या दिवसापासून आमच्या दोन्ही मुलांचें जेवणाकडे लक्ष राहिलें नाहीं. गुहागर तालुक्यांतील आमचें गांव आणि बीड जिल्ह्यांतील आंबेजोगाई यांच्यामध्यें सारा सह्याद्रि आणि अर्धा महाराष्ट्र पडलेला. नोकरीनिमित्त मी इकडे आलों त्याला अठरा वर्षें झालीं. दर उन्हाळ्यांत आम्ही तिकडे जात असूं. पण माझ्या बिऱ्हाडीं तीं दोघें एकदांही आलीं नव्हतीं. 'गाईला कोण पाहील?', 'देवांची पूजा कोण करील?', 'सुपारी उतरवायची आहे,' असें कांहीं ना कांहीं निघेच. गेल्या वर्षीं गाय गेली, पूजेचें चुलतभावानें पत्करलें, आणि अण्णांजवळ सबब उरली नाहीं. त्यांच्या न येण्याचें खरें कारण त्या सबबींत नव्हतेंच, हें मला पुढें कळावयाचें होतें.

तसें पाहिलें तर आंबेजोगाई आम्हांला परकी नाहीं. येथील योगेश्वरी ही कोंकणांतील कितीतरी चित्पावन घराण्यांची कुलस्वामिनी. समुद्राकांठच्या माणसांची देवी समुद्रापासून इतक्या दूर, बालाघाटाच्या डोंगरांत कां जाऊन बसली, हें कोडें मला लहानपणीं फार पडे. दंतकथा अशी कीं, तिचें लग्न परळीच्या वैजनाथाशीं ठरलें होतें. वऱ्हाडाला उशीर झाला, मुहूर्त टळला, आणि देवी कुमारिका राहून येथेंच स्थिर झाली. गांवाजवळचीं हत्तीखान्याचीं लेणीं म्हणजे तेंच पाषाण झालेलें वऱ्हाड, असें लोक सांगतात. १९७१ सालीं, लग्न झाल्यावर, अण्णा आणि आई या देवीच्या दर्शनाला आलीं होतीं. एस. टी.नें घाट चढून मिरज. तेथून नॅरोगेजच्या लहानग्या गाडीनें पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करीत लातूर. आणि पुढें पुन्हां एस. टी. ती गाडी इतकी सावकाश चाले कीं, चालत्या गाडींतून उतरून पुन्हां चढतां येई, असें आई आम्हां भावंडांना सांगे. आतां तो मार्ग रुंद झाला आहे. गोष्ट मात्र आमच्या घरांत अजून त्याच गतीनें चालते.

पुण्यास एक मुक्काम करून वसुबारसेच्या संध्याकाळीं तीं दोघें येऊन पोंचलीं. अण्णांचें वय अठ्ठ्याहत्तर, आई त्यांच्याहून पांच वर्षांनीं लहान. बरोबर नारळ, आमसुलें, फणसपोळी, पोहे आणि एका डब्यांत गांवच्या देवाचा अंगारा. मीं आधींच आठ दिवसांचा कार्यक्रम आंखून ठेवला होता. पहिल्या दिवशीं देवीची ओटी. दुसऱ्या दिवशीं परळीला वैजनाथाचें दर्शन. तिसऱ्या दिवशीं आद्यकवि मुकुंदराजांची समाधि, आणि तेथून येतांना लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिणाऱ्या दासोपंतांची समाधि. मग धारूरचा किल्ला. अण्णा आयुष्यभर शाळेंत मराठी शिकवीत आलेले. 'विवेकसिंधु'कारांच्या समाधीपुढें ते हात जोडून बराच वेळ उभे राहिले, तेव्हां माझा कार्यक्रम सफल झाला असें मला वाटलें.

घरींही आम्हीं कांहीं उणें पडूं दिलें नाहीं. आमची निजण्याची खोली त्यांना दिली. नव्या चादरी काढल्या. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं आली कीं सौ. म्हणे, "आई, तुम्ही बसा पाहूं. आयुष्यभर केलंत, आतां आठ दिवस विश्रांति घ्या." आई हंसे आणि बाहेर येऊन बसे. मुलें जवळ येत, फराळ खात, आणि फटाके उडवायला पळत. आई पुन्हां बसे.

चवथ्या दिवशीं पहाटें मला जाग आली. स्वयंपाकघरांत दिवा दिसला म्हणून गेलों, तों आई हातांत रिकामें पातेलें घेऊन उभी.

"काय पाहिजे, आई?"

"कांहीं नाहीं रे. ह्यांना चहा हवा होता. दूध कोणतं घ्यायचं तें कळेना. सूनबाईला उठवूं नये म्हटलं, आणि विचारल्यावांचून घेऊं कसं?"

मी दूध काढून दिलें. पण त्या प्रश्नानें माझ्या काळजांत कांहीं तरी हाललें. जिच्या फडताळांतील लाडू मीं कधीं विचारून खाल्ले नाहींत, ती माझी आई माझ्या घरीं अर्धा शेर दुधासाठीं परवानगीची वाट पाहत उभी होती. अपमान कोणींच केला नव्हता. आम्हीं आदरच केला होता. आणि त्या आदरानेंच तिला पाहुणी करून टाकलें होतें.

त्याच दिवशीं सकाळीं आमची नेहमींची सीताफळवाली आली. बालाघाटाच्या माळावरचीं सीताफळें या दिवसांत पाटींतून दारोदार येतात. बीडच्या सीताफळाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तरी आमच्या दारीं तें पूर्वीसारखेंच डोक्यावरच्या पाटींतून येतें. म्हातारीबरोबर चार-पांच वर्षांचा एक मुलगा होता, तिच्या लुगड्याचा पदर घट्ट धरून. आईला बोलायला माणूस मिळालें. तिनें विचारलें, "नातू का?"

"व्हय माय. लेक-सून कारखान्याला निघालीत परवा. कोयता घेतलाय. हे माझ्यापाशीच ऱ्हातंय आता."

आईला कोयता म्हणजे आंबा-फणसाच्या फांद्या तोडण्याचा एवढेंच ठाऊक. मीं समजावून सांगितलें. आमच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम ती 'उचल'; ती फिटेपर्यंत ऊस तोडावयाचा. मुलें कोणी बरोबर नेतात आणि त्यांची शाळा बुडते. कोणी म्हाताऱ्यांजवळ ठेवतात. अशा मुलांसाठीं हंगामी वसतिगृहेंही काढण्यांत आलीं आहेत. पण पुष्कळ ठिकाणीं वसतिगृह म्हणजे आजीच.

"आणि हीं परत केव्हां येणार?" आईनें विचारलें.

"पट्टा पडला म्हंजी. उन्हाळा लागतो की." एवढें बोलून म्हातारीनें नातवाचें नाक पदरानें पुसलें, आणि दुसऱ्या हातानें सीताफळें मोजूं लागली. तो मुलगा आमच्या मुलांच्या फुलबाज्यांकडे पाहत होता. आईनें घरांत जाऊन, या वेळीं कोणाला न विचारतां, फुलबाज्यांची एक पेटी आणि फणसपोळी आणून त्याच्या हातांत दिली.

रात्रीं सगळे निजल्यावर आई म्हणाली, "खरं सांगूं? मला त्या बाईचा हेवा वाटला. आणि मग वाटल्याची लाज वाटली."

मी कांहीं बोललों नाहीं.

"तिच्या लेकाची दैना आहे म्हणून पोर तिच्यापाशीं. तसं कोणाचं होऊं नये. पण त्या पोराला ती हवी आहे रे. तुझ्या मुलांना आम्ही आवडतों. हवीं आहोंत असं नाहीं. म्हणून तर यायला पाय उचलत नव्हता. तुमच्या घरीं येऊन मीं करायचं काय?"

वाचकहो, या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. दूर राहणें हें आम्हीं निवडलें. त्या म्हातारीच्या मुलानें निवडलें नव्हतें. आमच्या अंतराला पगार आहे, सुटी आहे, फोनवर दिसणारे चेहरे आहेत. त्याच्या अंतराला उचल आहे. दोन्ही दुःखें एका मापानें मोजणें हा शुद्ध अन्याय होईल. पण एक गोष्ट दोन्ही घरांत सारखीच खरी होती. म्हाताऱ्या माणसाला विश्रांति देणें सोपें असतें. काम देणें कठीण. विश्रांति देतांना आपण मोठे होतों. काम देतांना त्यांना मोठें मानावें लागतें.

सकाळीं मीं सौ.ला सारें सांगितलें. ती क्षणभर गप्प राहिली. मग आईकडे जाऊन म्हणाली, "आई, माझ्या सांज्याला तुमच्यासारखी चव येत नाहीं. आज तुम्ही करा, मी शेजारीं उभी राहतें." त्या दिवशीं धारूरचा किल्ला राहून गेला. दुपारपर्यंत मिठाची बरणी, हिंगाची डबी आणि पोळपाट यांनीं आपापल्या जागा सोडल्या होत्या. सौ.ला शोधाशोध करावी लागली. पण ती एका शब्दानें बोलली नाहीं. बाहेर अण्णांनीं थोरल्याचें शुद्धलेखन काढलें आणि त्याला चांगलेंच फैलावर घेतलें. मुलगा रडकुंडीला आला, आणि संध्याकाळीं तोच त्यांच्याशेजारीं अंथरूण घालून निजला.

परतीचीं तिकिटें भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचीं होतीं. धाकटी म्हणाली, "शाळेच्या पहिल्या दिवशीं डबा आजीनंच द्यायचा." आईनें अण्णांकडे पाहिलें. अण्णा चष्मा पुशीत म्हणाले, "मुहूर्त टळला म्हणून देवी कायमची राहिली. आपली तर नुसती एक गाडीच टळते आहे."

तिकिटें बदललीं. शाळा उघडली त्या दिवशीं आईनें नातीची वेणी घातली, डबा भरला; अण्णा थोरल्याला शाळेच्या फाटकापर्यंत पोंचवून आले. बाकी कांहीं विशेष घडलें नाहीं. माझ्या कार्यक्रमांत नसलेला असा तो एकच दिवस, आणि आतां फोनवर आई बोलते ती त्याच दिवसाविषयीं.

कायम येथेंच राहा, असें मीं सुचवून पाहिलें. अण्णा म्हणाले, "मिटलेलं घर फार दिवस घर राहत नाहीं." तेंही खरें होतें. निघावयाच्या सकाळीं सीताफळवाली नातवाला घेऊन आली. तिनें दोन मोठीं सीताफळें आईच्या पिशवींत घातलीं आणि पैसे घेतले नाहींत. दोघी एकमेकींच्या पायां पडल्या.

आपल्याही घरीं दूरचे आजोबा-आजी सुटींत येत असतील. त्यांना देवदर्शनाला अवश्य न्यावें, नव्या चादरी घालाव्या. पण दूध कोणत्या पातेल्यांत आहे, तें मात्र पहिल्याच दिवशीं दाखवून ठेवावें.