गेरूचे दोन दिवस

गेल्या उन्हाळ्यात आईचं कपाळ दुखायला लागलं. फक्त उजवी बाजू. केसांतून कंगवा फिरवला तरी कळ यायची. रायपूरचं ऊन आणि सदर बाजारातली आमची वरच्या मजल्यावरची खोली. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. तिसऱ्या दिवशी उजव्या भुवईवर पाण्याने भरलेले बारीक फोड उठले.

नागपूरच्या मावशीने व्हिडिओ कॉलवर पाहूनच सांगितलं, "अरे, ही नागीण! तोंड आणि शेपटी जुळू देऊ नका. गेरू लावा." सराफ्याच्या गल्लीत सोनगेरूला काय तोटा? लेप लागला. डॉक्टरांकडे जायला हवं, असं माझ्या मनात येत होतं, पण मोठ्यांपुढे मी गप्प बसलो. असे दोन दिवस गेले.

मग नाकाच्या टोकावर एक फोड आला. डोळा लाल झाला, पाणी वाहू लागलं, उजेड सोसवेना. तेव्हा कुठे आईला टाटीबंधच्या एम्समध्ये नेलं.

डॉक्टरांनी आधी नाकाचं टोक पाहिलं. त्या जागेला आणि बुबुळाला एकाच नसेच्या फांद्या जातात. तिथे फोड आला की डोळ्याला धोका असतो. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण तो नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि वय वाढल्यावर, शरीराची ताकद कमी झाल्यावर जागा होतो. एका बाजूच्या नसेवरून चालतो, म्हणून फोड सहसा मध्यरेषा ओलांडत नाहीत. तोंड-शेपटी जुळण्याची भीती खोटी. वेळ जाण्याची भीती खरी. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या. आम्ही अगदी काठावर पोहोचलो होतो.

याच हर्पीस कुळातला दुसरा विषाणू तापानंतर ओठाच्या कडेला फोड आणतो. तोही डोळ्यात जखम करतो. तिथे मनानेच स्टेरॉइडचे थेंब घातले तर जखम चिघळते. क्वचित तो मेंदूपर्यंत जातो. ताप, डोकेदुखी आणि माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, झटका आला, तर बाहेरची बाधा समजून बसू नये. त्याच तासाला रुग्णालय गाठावं. असायक्लोव्हिर हे औषध शिरेतून वेळेवर मिळालं तर जीव वाचू शकतो. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं.

आईचा डोळा वाचला. बुबुळावर किंचित धूसर डाग राहिला. सुईत दोरा ओवायला ती आता नातीला हाक मारते. कपाळाची आग अनेक महिने छळत होती.

पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची लस आता भारतात मिळते. मावशीने गेल्या महिन्यात ती घेतली. फोनवर म्हणाली, "गेरू आता फक्त कुंड्यांना."