माळवदावरचे म्युझियम

उन्हाळ्याच्या सुटीविषयी लिहायचे म्हणजे आंबे, आमराई आणि मामाचे गाव यांविषयी लिहायचे, असा आपल्याकडे एक संकेत पडून गेला आहे. पण आमच्या पालीचा उन्हाळा निराळा. शेजारी बिंदुसरेचे धरण असूनही वैशाखात त्याच्या पोटातली भेगाळलेली माती दिसू लागते. साखर कारखान्यांचा पट्टा पडला की ऊसतोडीला गेलेली माणसे परततात आणि गाव भरते. पण भरलेले गावही दुपारी निपचित पडलेले असते. अशा उन्हाळ्यात कोणी म्हणाले की मी सुटी कलासंग्रहालय पाहण्यात घालवली, तर ऐकणारा हसेल. माझ्या मैत्रिणीही हसल्या. तरी ते खरे आहे. महिनाभर मी ते मोबाइलवर पाहिले आणि दोन दिवस प्रत्यक्ष.

हे संग्रहालय हैदराबादचे सालारजंग. मुंबई-पुण्याची संग्रहालये सोडून हेच का, याचे उत्तर इतिहासात आहे. आपला जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. माझे आबा नव्वदीला टेकले आहेत. त्यांनी चौथीपर्यंतचे शिक्षण उर्दूतून घेतले. त्यांच्या तोंडी अजूनही राजधानी म्हटली की हैदराबाद येते. लहानपणापासून ऐकलेले ते शहर मला कधीतरी पाहायचेच होते.

भारत सरकारने देशातील काही मोठ्या संग्रहालयांतील वस्तूंची छायाचित्रे आणि माहिती एका संकेतस्थळावर ठेवली आहे. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे इंडियन म्युझियम यांच्याबरोबर सालारजंगही तेथे आहे. आमच्या घरात रेंज येत नाही, ती माळवदावर येते. त्यामुळे रोज रात्री जेवणे आटोपली की आबांची बाज माळवदावर टाकायची आणि तिच्या पायथ्याशी बसून मी पाहत राहायचे, असा क्रमच ठरून गेला. चिनी मातीची भांडी, हस्तिदंताच्या वस्तू, तलवारी, दख्खनी लघुचित्रे. दोन बोटांनी चित्र मोठे करावे तो आबांच्या नखाएवढ्या चेहऱ्यावरची पापणीही दिसे! काचेच्या कपाटापुढे उभे राहून हे सुख कोणाला मिळणार?

एका रात्री सुलेखनाचे एक पान पडद्यावर आले. मला ती नुसती नक्षी वाटली. आबा उठून बसले, चष्मा मागितला आणि बोट ठेवून अक्षरे लावू लागले. "हे फारशी हाय माय, अर्थ न्हाई कळायचा. पर हे अलिफ, हे लाम, हे मीम." लहानपणी शिकलेली अक्षरे तो म्हातारा माणूस चांदण्यात वाचीत होता. आमच्या घरात ती लिपी आता दुसऱ्या कोणालाच येत नाही.

पण मी प्रत्यक्ष जाण्याची गोष्ट काढताच आबांचा सूर बदलला. "त्यो दिवाण, आन् आपण रयत. साऱ्याच्या पैशावर घेतलेलं सगळं. आपलंच बघाया तिकीट काढून कशाला जायचं?"

मी निरुत्तर झाले. कारण त्या म्हणण्यात तथ्य आहे. पहिले सालारजंग, म्हणजे मीर तुराब अली खान, १८५३ पासून १८८३ पर्यंत निजामाचे दिवाण होते. कारभाराला शिस्त लावणारा माणूस म्हणून त्यांचे नाव इतिहासाच्या तासाला आपण ऐकतो. १८६५ ची जिल्हाबंदी त्यांचीच. हेच सालारजंग १८७६ मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले आणि त्यांनी रोममध्ये बेंझोनी या शिल्पकाराचा रिबेकाचा संगमरवरी पुतळा खरेदी केला. त्याच साली पाऊस फसला आणि दख्खनचा तो मोठा दुष्काळ सुरू झाला, जो १८७८ पर्यंत चालला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारण संबंध जोडणे योग्य नव्हे, हे मला कळते. पण पालीच्या मुलीला त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात, त्याला इलाज नाही.

अखेर आबाच म्हणाले, "जा. पर नीट बघून ये, आन् मला सांग." मावशी काचीगुड्याला राहते, म्हणून मुक्कामाची चिंता नव्हती. बीडहून रात्रीच्या बसने आई आणि मी निघालो. आईने यापूर्वी कारखाने पाहिले होते, पंढरपूर पाहिले होते. संग्रहालय पाहिले नव्हते.

मुसी नदीच्या काठावरची ती भली मोठी इमारत १९६८ मधली. संग्रह मुख्यतः तिसऱ्या सालारजंगांचा, मीर युसूफ अली खान यांचा. १९४९ मध्ये ते निवर्तले. त्यांना मूलबाळ नव्हते. १९५१ च्या डिसेंबरात त्यांच्या दिवाण देवडीतच पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडले. एका कुटुंबाने जमवलेल्या चाळीस हजारांहून अधिक वस्तू! पहिल्या दिवशी आम्ही नुसत्या चालत राहिलो.

मोबाइलवर रिबेका मी कितीतरी वेळा पाहिली होती. नवऱ्याला प्रथमच पाहून बुरखा ओढून घेणारी बायबलमधली ही नवरी. दगडाचा बुरखा, आणि त्यातून दगडाचाच चेहरा दिसतो. छायाचित्रात मी त्याला 'कमाल' म्हणून मोकळी झाले होते. येथे आई पुतळ्यापुढे उभी राहिली, ती हलेना. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हिचा पदर वला दिसतोय गं." खरेच, ओले वस्त्रच तसे अंगाला चिकटते. जन्मभर डोईवरचा पदर सावरीत उसाच्या फडात राबलेल्या बाईला जे दिसले, ते पडदा मोठा करकरून मला दिसले नव्हते.

दुसरा एक लाकडी पुतळा आहे. पुढून पाहावे तर ताठ उभा मेफिस्टोफिलिस, आणि मागे त्याच लाकडात मान खाली घातलेली मार्गारेटा. मागे आरसा ठेवला आहे, त्यात ती दिसते. आपण एक पाऊल सरकलो की आरशातली तीही सरकते. ही गंमत छायाचित्रात येत नाही. तिला आपले पाय लागतात.

आणि ते घड्याळ! कोलकात्याच्या कुक अँड केल्वी कंपनीने जुळवलेले. तास भरत आला की माणसे पुढ्यात गोळा होतात. बरोबर वेळेला एक चिमुकला बाहुला दारातून येतो, घंटेवर ठोके देतो आणि परत जातो. बाराच्या ठोक्यांना आम्ही मुद्दाम थांबलो. मुले मोठ्याने मोजीत होती, तेलुगूत, उर्दूत, हिंदीत. आई मराठीत मोजीत होती. मोबाइलवर मी एकटी पाहत होते. येथे पाहणे ही दहाजणांत मिळून करायची गोष्ट आहे, हे त्या बारा ठोक्यांत समजले.

परत आल्यावर आबांना सगळे सांगितले. हेही सांगितले की १९६१ मध्ये संसदेने कायदा करून हे संग्रहालय राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. म्हणजे ते आता दिवाणाचे नाही, आपले आहे. आबांनी ऐकून घेतले. मग विचारले, "सारा भरणारांची नावं हायत का तिथं कुठं?"

"नाहीत, आबा."

"मग?" एवढेच म्हणून ते कुशीवर वळले.

या 'मग'चे उत्तर हैदराबादेत मिळणार नाही. ते आपण द्यायचे आहे, असे मला वाटते. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय २०१५ पासून आपली फिरती बस शाळांपर्यंत आणि खेड्यांपर्यंत नेत आहे. ती आपल्याकडे यावीच. पण आपल्याकडेही दाखवण्यासारखे काय थोडे आहे? पाली-बीड रस्त्यावरची खजाना विहीर आणि बीडमधले पाण्यातले कंकालेश्वर मंदिर आपण रोज बसमधून ओलांडतो. घराघरांतल्या लोखंडी पेट्यांत निजामकाळचे उर्दू कागद घडी घालून ठेवलेले आहेत. सारा भरणारांची नावे त्यांतच आहेत. ते कागद वाचणारी आबांच्या वयाची माणसे मात्र आता कमी होत चालली आहेत.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असलेला मोबाइल आहे. पुढच्या सुटीत आपापल्या गावातला असा एक कागद शोधावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि वाचता येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून तो मराठीत उतरवून घ्यावा. इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्यासाठी एखादे कपाट दिले तर फारच चांगले. मी आमच्या पेटीतल्या दोन पावत्या उतरवल्या आहेत. तिसरीवरची शाई फिकी आहे, आणि आबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दिवाळीनंतर आहे.