झेंड्याचा अंगरखा

सांगली,
२८ जानेवारी

चि. मनूस,


तुझा मेसेज आला तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळांची गॅदरिंग आणि वर सव्वीस जानेवारी, म्हणजे आपल्या धंद्याची दिवाळीच. आज भाड्यानं गेलेले सगळे कपडे परत आले, मोजून झाले, धुवायला गेले. आता गल्ल्यावर निवांत बसून लिहितोय. कागदावरच लिहितो, फोटो काढून पाठवीन. मोबाइलवर एका बोटानं एवढं लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही.

तू लिहिलंयस, तुमच्या टोरंटोच्या स्टुडिओत एक गिऱ्हाईक ‘कॅप्टन इंडिया’ काढून मागतंय. चार स्केचेस झाली, पण प्रत्येक वेळी शाळेच्या बँडमधला पोरगाच समोर येतो. आणि मग विचारलंयस, “मामा, अमेरिकेला कॅप्टन अमेरिका जमला, मग आपल्याला का नाही? आपलं देशप्रेम काय कमी आहे का?”

कमी नाही गं. पण मला वाटतं, प्रश्न देशप्रेमाचा नाहीच. मी कॉमिक्सचा पंडित नाही. लहानपणी इंद्रजालचे अंक भाड्यानं आणून वाचले, वेताळ, मँड्रेक आणि पुढं बहादूर, एवढीच माझी विद्या. पण चाळीस वर्षं पोरांना कपडे चढवतोय. त्यामुळं पोशाखाबद्दल चार गोष्टी मला कळतात, आणि तुझा प्रश्न शेवटी पोशाखाचाच आहे.

काल टेबलावर दोन पोशाख शेजारी शेजारी घडी घालायला आले. एक महाराजांचा. अंगरखा, शेला, जिरेटोप, कवड्यांची माळ आणि डबीत ठेवलेली दाढी. दुसरा कॅप्टन अमेरिकेचा, तयार आणलेला. हा उलटा करून बघ एकदा. आतून छातीला, दंडाला, पोटाला स्पंज शिवलेला असतो. पाचवीतलं काडीपैलवान पोरगं आत शिरलं आणि चेन ओढली की झाला पैलवान. महाराजांच्या अंगरख्यात असा एक तोळा स्पंज नाही. तिथं पोराला उभं कसं राहायचं ते शिकवावं लागतं. कपडा काही करत नाही.

हा स्पंज म्हणजेच कॅप्टन अमेरिकेची सगळी गोष्ट आहे. स्टीव्ह रॉजर्स हा मरतुकडा मुलगा. सैन्यात भरती व्हायला जातो तर नापास करून परत पाठवतात. मग एक शास्त्रज्ञ त्याला औषध टोचतो आणि तो देशाचा कॅप्टन होतो. घराणं नाही, अवतार नाही, वरदान नाही. देशाचा वीर प्रयोगशाळेत तयार होतो आणि वर झेंड्याचे कपडे चढतात.

ही गोष्ट रचली कुणी, ते बघ. जो सायमन आणि जॅक कर्बी. दोघंही परदेशातून आलेल्या ज्यू बापांची अमेरिकेत जन्मलेली मुलं. सायमनचे वडील शिंपी. कर्बीचे वडील न्यूयॉर्कमध्ये कपड्यांच्या कारखान्यात कामाला. कर्बीचं खरं नाव जेकब कुर्ट्झबर्ग; ते बदलून त्यानं अमेरिकी कानाला रुचेल असं घेतलं. सुपरमॅन काढणारा जो शुस्टर, त्याचे वडीलही शिंपीच, तेही तुझ्याच टोरंटोत. म्हणजे आपल्याच धंद्यातली माणसं म्हणायची! दुसऱ्याच्या मापाचे कपडे शिवणाऱ्यांच्या घरात ही पोरं वाढली, आणि त्यांनी देशाच्या मापाचा कपडा बेतला.

पहिल्या अंकावर तारीख मार्च १९४१ ची आहे, पण तो डिसेंबर १९४० मध्येच बाजारात आला. मुखपृष्ठावर कॅप्टन थेट हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. पर्ल हार्बरवरचा हल्ला अजून वर्षभर लांब होता. अमेरिका युद्धात नव्हती, आणि तिनं त्यात पडू नये असं म्हणणारे तिथं ढिगानं होते. सायमननं पुढं लिहून ठेवलंय की ऑफिसवर धमक्या यायला लागल्या, आणि न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून संरक्षणाचं आश्वासन दिलं. म्हणजे तो ठोसा सरकारनं मारायला सांगितलेला नव्हता. युरोपात आपल्या माणसांचं काय चाललंय हे घरच्या बोलण्यातून ऐकलेली दोन पोरं आपल्या नव्या देशाला हलवून जागं करत होती. कर्बी तर १९४४ मध्ये स्वतः पायदळातून युरोपात लढायला गेला.

मला इथंच उत्तर सापडतं. जुन्या वाड्यातला माणूस मी इथलाच असं ओरडून सांगत नाही. ज्याच्याकडं लोक अजून पाहुणा म्हणून बघतात, तोच झेंडा अंगावर शिवून घेतो.

आणि कॅप्टन अमेरिका नुसता बंदा नोकर झाला नाही, हेही लक्षात ठेव. युद्ध संपल्यावर त्याचा खप घसरला, १९५० मध्ये अंक बंद पडले. १९५३-५४ मध्ये त्याला कम्युनिस्टांना बडवायला पुन्हा उभा केला, तो वर्षभरही टिकला नाही. १९६४ मध्ये बर्फातून काढून परत आणला. आणि वॉटरगेटच्या काळात, १९७४ मध्ये, त्यानं सरकारच्या शिखरावरची घाण बघून तो पोशाखच उतरवला आणि काही काळ ‘नोमॅड’, म्हणजे बेघर भटक्या, म्हणून फिरला. झेंडा वेगळा आणि सरकार वेगळं, हे त्याला उमगलं म्हणून तो जगला.

आता तुझ्या कॅनडाचं बघ, तिथली गंमत वेगळीच आहे. तिथले पहिले देशी वीर देशभक्तीतून नाही, आयातबंदीतून जन्मले! डिसेंबर १९४० मध्ये परकीय चलन वाचवायला कॅनडानं अमेरिकेतून येणाऱ्या बिनगरजेच्या मालावर बंदी घातली. त्या यादीत कॉमिक्सही होती. पोरांच्या हातातलं अमेरिकी कॉमिक गेलं आणि त्या रिकाम्या जागेत १९४१ मध्ये उत्तरेकडची नेल्वाना आली, १९४२ मध्ये जॉनी कनक आला. तो काढणारा लिओ बाखल तेव्हा शाळकरी वयाचा होता. युद्ध संपलं, अमेरिकी माल परत आला आणि थोड्याच वर्षांत ही सगळी मंडळी गायब. कॅप्टन कनक उगवला तो थेट १९७५ मध्ये, आणि त्याच्या अंगावर जे मेपलचं पान आहे ते मिरवणारा कॅनडाचा आजचा झेंडा आलाच मुळी १९६५ मध्ये. झेंडाच दहा वर्षांचा. तो ओळखीचा व्हायला कुणीतरी अंगात घालणं भागच होतं. कनक हे नाव मात्र आपल्याकडच्या मुलीचं वाटतं हं!

काही देशांनी हा अंगरखा घालून बघितला आणि हसून काढून ठेवला. फ्रान्समध्ये १९७२ मध्ये गोत्लिब आणि लोब यांनी सुपरदुपाँ काढला. दुपाँ म्हणजे तिकडचा पाटील-कुलकर्णी म्हण. डोक्यावर बेरे टोपी, कमरेला तिरंगी पट्टा, आणि शत्रू कोण, तर ‘अँटी-फ्रान्स’ नावाची टोळी. सगळी चेष्टा. फ्रेंचांचा खरा लाडका वीर १९५९ पासूनचा अॅस्टेरिक्स. तो झेंडा घालत नाही. त्याच्या काळात झेंडाच नव्हता. पण रचणारे कोण? गोसिनी हा स्थलांतरित ज्यू कुटुंबातला आणि युदेर्झो इटलीहून आलेल्या आईबापांचा. म्हणजे फ्रान्सच्या पूर्वजांची गोष्टसुद्धा नव्यानं आलेल्या घरांतल्या पोरांनीच रंगवली.

आणि काही देशांचे हात पोळलेत. जपानमध्ये पीचच्या फळातून जन्मलेला मोमोतारो नावाचा पोरगा आहे, आजीच्या गोष्टीतला. कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी घेऊन राक्षसांच्या बेटावर जातो. युद्धात त्याला सैनिक केला. १९४३ च्या ॲनिमेशन चित्रपटात तो पर्ल हार्बरसारख्याच हल्ल्याचं नेतृत्व करतो, आणि एप्रिल १९४५ मध्ये त्याचा लांबलचक नौदली चित्रपट लागला. चार महिन्यांत देश शरण गेला. त्यानंतर जपाननं अॅस्ट्रो बॉय दिला, अल्ट्रामॅन दिला, ते पृथ्वी वाचवतात. पण छातीवर सूर्यबिंब लावून ते फिरत नाहीत. जर्मनीला तर अतिमानव हा शब्दच एकदा महाग पडलाय.

आता आपल्याकडं ये.

पहिली अडचण कापडाचीच. तुझे आजोबा भारतमातेच्या साडीला तिरंगी काठ लावू द्यायचे नाहीत. “पोरगी स्टेजवर खाली बसली तर?” एवढंच म्हणायचे. ते जुन्या शिस्तीतले होते, पण कायदाही त्यांच्याच बाजूला होता. २६ जानेवारी २००२ ला नवी ध्वजसंहिता लागू होईपर्यंत साध्या नागरिकाला वर्षभर घरावर तिरंगा लावता येत नव्हता. नवीन जिंदाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क मूलभूत आहे असं सांगितलं ते २००४ मध्ये. पोशाखाचा नियम सैल झाला २००५ मध्ये, आणि तोही कमरेच्या वरपुरता! अमेरिकेतही झेंड्याचा कपडा करू नये असा नियम आहे. पण तो मोडला म्हणून कुणी पकडत नाही. आपण झेंडा देव्हाऱ्यात ठेवला. देव्हाऱ्यातलं वस्त्र घालून मारामारी कशी करायची? तुझा कॅप्टन इंडिया तिरंगी विजार घालूच शकत नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांग.

दुसरी अडचण गर्दीची. आपल्या कपाटात महाराज आहेत, राणी लक्ष्मीबाई आहे (पाठीवर बांधायच्या बाहुलीसकट), टिळकांची पगडी आहे, भगतसिंगांची हॅट आहे. ज्या अनंत पैंनी टाइम्समध्ये इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळात काम केलं, तेच १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’कडे वळले. वेताळाच्या शेजारी आपले राम, कृष्ण, शिवाजी बसवले. नवा माणूस शोधायची त्यांना गरजच पडली नाही. त्याच १९६७ मध्ये मनोजकुमारचा ‘उपकार’ आला. आपला कॅप्टन इंडिया खरं तर तोच. नाव भारत, मुखवटा नाही, हातात नांगर आणि मग बंदूक. शास्त्रीजींच्या ‘जय जवान जय किसान’मधून निघालेला. आपल्याकडं हे खातं कॉमिक्सकडं नव्हतं, सिनेमाकडं होतं.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. राज कॉमिक्सनं नव्वदच्या दशकात ‘तिरंगा’ नावाचा वीर काढला, ढालीसकट. पण त्या पिढीतल्या कुणालाही विचार, आधी नागराज सांगेल, ध्रुव सांगेल, मुंबईचा डोगा सांगेल.

तिसरी अडचण मी सहसा बोलून दाखवत नाही, पण तू घरची आहेस. मुखवटा काढल्यावर कॅप्टन अमेरिका स्टीव्ह रॉजर्स निघतो आणि पुढं कुणी काही विचारत नाही. आपल्याकडं मुखवटा निघाला की पहिला प्रश्न, “आडनाव काय? गाव कुठलं?” १९९७ मध्ये दूरदर्शनवर शक्तिमान आला तेव्हा तो लागला की रस्ते ओस पडायचे. त्याचं साधं रूप आठवतंय? पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. पोरं ते एका दमात म्हणायची. आम्ही हसलो, पण बघ, आपल्याला एक वीर निनावी ठेवता आला नाही. तुझा कॅप्टन कुठली भाषा बोलेल? जेवायला काय घेईल? घरी कुठल्या देवाचा फोटो असेल? यातलं एकेक ठरवलंस की निम्मं गिऱ्हाईक खूश आणि निम्मं नाराज. काहीच ठरवलं नाहीस की शाळेच्या बँडमधला पोरगा. तुझ्या चार स्केचेसचं हेच झालंय.

म्हणून माझं ऐक. छातीवर काय काढायचं हा विचार आता सोड. आधी असा कुणीतरी शोध, ज्याला ‘मी इथलाच’ हे रोज कुणाला तरी दाखवावं लागतं. कागद दाखवून, भाषा बदलून, आडनाव दडवून. त्याला बळ दे. पोशाख त्याचा तो शोधेल.

आणि एक गोष्ट लिहू की नको, विचार करत होतो. तुझ्याकडून कॅप्टन इंडिया निघत नाही याचं कारण मला वेगळंच वाटतं. इथलं असणं तुला कधी सिद्ध करावं लागलं नाही. या दुकानात कपड्यांच्या ढिगाऱ्यावर झोपून मोठी झालीस. सिद्ध करावं लागतंय ते तिथं. उद्या तुझ्या पेनातून मेपलचं पान छातीवर लावलेली एखादी सावळी मुलगी सहज उतरली, तर दचकू नकोस. शिंप्यांच्या पोरांनी हेच केलंय. मला थोडं चुटपुटेल, पण कपड्याची फिटिंग बघून मी आधी तुलाच शाबासकी देईन.

तब्येतीला जप. थंडीत कानटोपी घालत जा, फॅशन नंतर.

तुझा,
मामा

ता. क. – परवा एकाच दिवशी तीन शाळांत तीन शिवाजी होते आणि ढाली दोनच. शेवटी कॅप्टन अमेरिकेची ढाल घेतली, तीही गोलच, आणि वर काळा रंग मारून दिली. पोवाडा जोरात झाला म्हणे. ढाल परत आली तर घासून घासून मधला तारा अर्धा वर आलाय. पुसायला घेतलं होतं, राहू दिलं.