चाकूरचं ऊन आणि आत्याचं घर

यंदा जयंतीला आम्ही चाकूरला आत्याकडे गेलो होतो. लातूरहून नांदेडच्या रस्त्यानं एस.टी. निघाली, आष्टामोड मागे पडला आणि चाकूर आलं. दारातच "जयभीम, आधी पाणी प्या" म्हणत आत्यानं तांब्या पुढं केला. लाईट गेलेली. पत्र्याखाली जीव नुसता उकडत होता.

समोरच्या गच्चीवर सोलरच्या प्लेटा चमकत होत्या. पण पंखा तिथलाही बंद! आत्याचा मुलगा वायरिंगची कामं करतो. तो म्हणाला, "बॅटरी नाही त्यांच्याकडं. मेन लाईन गेली की सोलरही आपोआप बंद होतं. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल."

मग आम्ही त्याला विचारतच राहिलो. पवनचक्कीत वारा पाती फिरवतो, कोयनेला पाणी चाक फिरवतं, साखर कारखान्यात उसाचा चोथा जाळून वाफ करतात आणि ती चाक फिरवते. त्या चाकाला जोडलेलं जनित्र फिरलं की वीज होते. सोलरमध्ये मात्र काहीच फिरत नाही. उजेड सिलिकॉनवर पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज वाहू लागते. इन्व्हर्टर ती घरच्या विजेसारखी करतो. प्लेटेला उजेड हवा, ताप नको. फार तापली तर वीज उलट कमी होते. १ किलोवॉटच्या प्लेटा दिवसाला सुमारे ४ युनिट देतात.

संध्याकाळी शिवारात गेलो. एका विहिरीवर सौरपंप चालू होता. आत्या बघत उभी राहिली. म्हणाली, "आमच्या वेळी लाईट रात्रीची यायची. तुझे मामा दुसऱ्याच्या उसाला पाणी द्यायला जायचे. अंधार, चिखल, इच्चू-काटा. ते घरी येईस्तोवर माझा डोळा लागायचा नाही."

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते. वीजही त्याच खात्यात होती. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असा त्यांचा आग्रह होता. आत्याचं बोलणं ऐकताना तो आग्रह कुणासाठी होता, हे आम्हाला कळलं.

आज राज्याच्या सौर कृषिपंप योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच रक्कम भरावी लागते. पण आधी शेत हवं, शेतात पाणी हवं. घरावरच्या सोलरसाठी २०२४ पासून केंद्राचं अनुदान आहे, १ किलोवॉटला ३०,००० रुपये. त्याला स्वतःचं घर आणि वीजजोडणी हवी. आत्याचं घर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर! ऊन सगळ्यांच्या पत्र्यावर सारखंच पडतं, कागद मात्र सारखे नसतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतीची गाडी सोडली आणि आत्याबरोबर वारस नोंदीचा अर्ज देऊन आलो. वाचकहो, आपल्याही घराची घरपट्टी आणि वीजबिल कुणाच्या नावावर आहे, ते आजच बघा. प्लेटा पुढं कधीही बसवता येतील. पण घर आधी नावावर हवं.