खेळण्यातले पिस्तूल आणि लंडनचा कायदा

नाशिकच्या मेन रोडवर किंवा रविवार कारंजाच्या आसपास दिवाळीत विकले जाणारे टिकल्यांचे पिस्तूल, म्हणजे कागदावरील दारूच्या ठिपक्यावर घोडा आपटून केवळ आवाज काढणारे खेळणे, लंडनला स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबाच्या बॅगेत भाच्या-पुतण्यांसाठी ठेवले जाते, तेव्हा वस्तू तीच राहूनही तिचे कायदेशीर स्वरूप बदलते. टिकल्या स्फोटक असल्याने विमानात नेता येत नाहीत आणि खेळण्यातली बंदूक हातातल्या सामानात चालत नाही, एवढे बहुतेक प्रवाशांना ठाऊक असते. परंतु ते पिस्तूल काळे किंवा चंदेरी असेल आणि खऱ्यासारखे दिसत असेल, तर मोठ्या बॅगेतून ते ब्रिटनमध्ये नेणे हाही तेथे गुन्हा ठरू शकतो, याची कल्पना फार थोड्यांना असते.

भारताच्या 1959 च्या शस्त्र अधिनियमाने ‘शस्त्र’ या संज्ञेतून लाठी आणि साध्या काठीबरोबरच, खेळण्यापलीकडे उपयोग नसलेल्या आणि ज्यांचे चालू शस्त्रात रूपांतर करता येत नाही अशा वस्तूही वगळल्या आहेत. याच अधिनियमाचे सहावे कलम नकली अग्निशस्त्राचे, म्हणजे गोळी सुटो वा न सुटो, पण जे दिसायला अग्निशस्त्र आहे अशा कोणत्याही वस्तूचे, परवान्याशिवाय खऱ्या अग्निशस्त्रात रूपांतर करण्यास मनाई करते. भारतीय कायद्याचा प्रश्न असा की, या वस्तूचे पुढे काय होऊ शकते. ती कशी दिसते हे त्याच्या लेखी दुय्यम आहे. ब्रिटनच्या 1968 च्या अग्निशस्त्र कायद्यातील नकली अग्निशस्त्राची व्याख्या भारतीय व्याख्येशी जवळजवळ शब्दशः जुळते, आणि तरीही त्या शब्दांवर तेथे जी इमारत उभी राहिली ती अगदी वेगळी आहे.

2006 च्या हिंसक गुन्हे घट कायद्याने ‘वास्तवदर्शी नकली अग्निशस्त्र’ ही आणखी एक संज्ञा आणली. प्रत्यक्ष व्यवहारात खऱ्या आधुनिक बंदुकीपासून वेगळे ओळखता येणार नाही असे नकली अग्निशस्त्र, असा तिचा अर्थ आहे. केवळ तज्ज्ञाला, बारकाईने पाहिल्यावर किंवा गोळी भरून पाहिल्यावर कळणारा फरक हा फरक मानला जात नाही. अशी वस्तू बनवणे, विकणे आणि ग्रेट ब्रिटनमध्ये आणणे हे सारे 1 ऑक्टोबर 2007 पासून गुन्हे आहेत. त्यासोबतच्या नियमांनी भडक तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, गुलाबी, जांभळा आणि निळा हे रंग बंदुकीच्या बाबतीत अवास्तव ठरवले आणि पूर्ण पारदर्शक वस्तूलाही तीच सवलत दिली. रंग मात्र वस्तूचा मुख्य रंग असला पाहिजे. अमेरिकेत खेळण्याच्या नळीच्या टोकाला नारिंगी बूच लावण्याची पद्धत आहे. तेथील नातेवाइकाने पाठवलेले, टोकाशी नारिंगी आणि बाकी सर्व काळे असे पिस्तूल लंडनमध्ये त्या टोकाच्या बळावर सुटत नाही.

केवळ शोभेसाठी लावायच्या जोडसामानाचा प्रश्न येथेच उभा राहतो. बंदुकीचा आवाज किंवा नळीच्या तोंडाशी दिसणारी ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेले उपकरण, ज्याला बोलीत सायलेन्सर म्हणतात, ते भारतीय अधिनियमाच्या दुसऱ्या कलमानुसार स्वतःच अग्निशस्त्र आहे. ब्रिटिश कायद्यातही, खऱ्या प्राणघातक बंदुकीपुरती, तीच तरतूद जवळजवळ त्याच शब्दांत आढळते. आवाज कमी करण्याचे कोणतेच काम न करणारी, केवळ रुबाबासाठी खेळण्याला लावलेली पोकळ प्लॅस्टिकची नळी या व्याख्येत बसत नाही, कारण व्याख्येचा भर उपकरण कशासाठी घडवले आहे यावर आहे. म्हणून अशी नळी भारतात शोभेची वस्तूच राहते. ब्रिटनमध्ये मात्र एवढ्यावर भागत नाही, कारण 2006 च्या कायद्याने नकली अग्निशस्त्रात फेरफार करून ते वास्तवदर्शी बनवणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे. जांभळ्या पिस्तुलाला काळी नळी जोडल्याने त्याचा मुख्य रंग बदलत नाही. पण तेच पिस्तूल नाटकात शोभावे म्हणून घरच्या घरी काळ्या स्प्रेने रंगवले किंवा धातूसारख्या दिसणाऱ्या आवरणाने झाकले, तर ते रंगकाम हाच गुन्हा होऊ शकतो.

दिसण्याला एवढे महत्त्व का द्यावे, याचे अत्यंत वेदनादायी उत्तर लंडनमधील भारतीयांच्या परिचयाच्या इमारतीतच मिळते. 20 फेब्रुवारी 1973 रोजी तीन पाकिस्तानी तरुण ऑल्डविच येथील इंडिया हाउसमध्ये, म्हणजे भारतीय उच्चायुक्तालयात घुसले आणि त्यांनी तेथील कर्मचाऱ्यांना ओलीस धरले. पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांतील दोघे मारले गेले आणि त्यांच्याजवळची पिस्तुले नकली होती हे नंतर स्पष्ट झाले. समोरच्या पोलिसाला किंवा ओलिसाला ती पिस्तुले तपासून पाहण्याची सवड नव्हती, आणि या वस्तूचे पुढे काय होऊ शकते हा भारतीय कायद्याचा प्रश्न त्या क्षणी कोणाच्याही उपयोगाचा नव्हता. या एका बाबतीत ब्रिटिश कायद्याची दृष्टी अधिक शहाणी आहे, आणि मेन रोडवरच्या खेळण्यांनाही रंगाचे बंधन असावे, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. दिसण्याच्या या कसोटीलाही मर्यादा आहेच: जाकिटाच्या आत बोटे रोखून पिस्तुलाचा आभास निर्माण करणाऱ्या लुटारूच्या खटल्यात, माणसाची बोटे ही त्याच्यापासून वेगळी वस्तू नसल्याने ती त्याने ‘बाळगली’ असे म्हणता येत नाही, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने 2005 मध्ये दिला.

नाशिक आणि लंडन यांच्यामधला पिस्तुलांचा मार्ग तसा जुना आहे. जवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर लंडनला असताना त्यांनी 20 ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठवली, आणि त्यांतल्याच एका पिस्तुलाने अनंत कान्हेरे यांनी 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या रात्री तेथे ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. नाट्यगृह ही खरे तर नकली शस्त्रांची हक्काची जागा, आणि ब्रिटिश कायद्यानेही ती तशी मान्य केली आहे: नाटक व त्याच्या तालमी, चित्रपट, संग्रहालये आणि ऐतिहासिक प्रसंगांची पुनर्दृश्ये यांच्यासाठी वास्तवदर्शी प्रतिकृती बनवता किंवा आणता येतात.

लंडनच्या मराठी मंडळींना शिवकालीन नाटक बसवताना आणखी एक तरतूद उपयोगी पडते. ज्या बंदुकीची घडण 1870 पूर्वीची आहे, ती या कायद्याच्या दृष्टीने आधुनिक अग्निशस्त्र नव्हे. त्यामुळे तोड्याच्या बंदुकीची, म्हणजे पेटत्या वातीने दारूला बत्ती देणाऱ्या जुन्या बंदुकीची, लाकडी प्रतिकृती ‘वास्तवदर्शी’ या संज्ञेबाहेर राहते. मात्र सार्वजनिक जागी सबळ कारणावाचून कोणतेही नकली अग्निशस्त्र बाळगण्यास मनाई करणारे 1968 च्या कायद्याचे एकोणिसावे कलम वेगळे आहे, त्यात 1870 ची सवलत लिहिलेली नाही, आणि त्याच्या भंगाला कमाल 12 महिन्यांच्या कैदेची तरतूद आहे. म्हणून तालमीला जाताना ती बंदूक खांद्यावर टाकून भुयारी रेल्वेत बसण्याऐवजी बंद पेटीत न्यावी, आणि मावळ्याच्या वेषातली छायाचित्रे रस्त्यावर न काढता सभागृहात काढावीत.

मुलांसाठी नाशिकहून काही न्यायचेच असेल, तर रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे पेशवेकालीन दगडी हौद, उघडतात त्या दिवसांत बाजारात लटकणाऱ्या मशीनगनच्या आकाराच्या पिचकाऱ्या आहेत. त्यांचा गुलाबी, पिवळा आणि हिरवा रंग लंडनच्या नियमांतल्या यादीत आधीपासूनच आहे.