गॅलरीतली ठिणगी

ठिणगीला उर्दूत 'शरारा' म्हणतात. वर्गात हा शब्द आला की मुली हसतात, कारण शरारा म्हणजे त्यांच्या लेखी लग्नात घालायचा पोशाख. दुसऱ्या अर्थाची ओळख मात्र आमच्या वर्धा जिल्ह्यात दर उन्हाळ्याला होते.

वर्ध्यात आग म्हटली की लोकांना पुलगाव आठवते. ३१ मे २०१६ रोजी तिथल्या दारूगोळा भांडारात झालेले स्फोट आजही कुणी विसरलेले नाही. पण मी बोलतेय ती आग साधी आहे, दरवर्षीची आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या हिशेबात वणव्याचा हंगाम. बोरच्या जंगलात तेव्हा सागाची पाने गळून पडलेली असतात. मोहफुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि ती आग कधी कधी हाताबाहेर जाते. शेतात पऱ्हाटीचे ढीग आणि बांधावरचे गवत जळते. शहर पसरत पसरत शेताला भिडले, तसे आमचे फ्लॅटही या आगीचे शेजारी झाले.

लोकांना वाटते, आग जमिनीवरून चालत येईल, मधला रस्ता तिला अडवेल. ठिणगी रस्ता ओलांडते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये १६ हजारांहून अधिक बांधकामे जळाली, तेव्हा वादळी वारा निखारे दूर दूर फेकत होता. आपल्याकडे तसा वारा नाही आणि तशी लाकडी घरेही नाहीत. सिमेंटची भिंत पेटत नाही. पेटते ते आपण गॅलरीत ठेवलेले.

आणि काय ठेवत नाही आपण! जुनी गादी, रद्दी, काथ्याची पायपुसणी, हिरवी शेडनेट. ही जाळी प्लास्टिकची; पेटली की वितळून खालच्या मजल्यावर ठिबकते. काही घरी भरलेले जादा सिलिंडरही तिथेच. पण सगळ्यात मला भीती वाटते ती कूलरची. कूलरच्या ताटीतले गवत ओले असेपर्यंत ठीक. मार्चमध्ये मात्र तो नुसता उभा असतो, गेल्या वर्षीच्या कोरड्याठाक गवतासह. दोन वर्षांपूर्वी आमच्या मागच्या शेतात पऱ्हाटी जळत होती आणि एका बंद फ्लॅटच्या कूलरमधून धूर येऊ लागला. घरची मंडळी नागपूरला लग्नाला गेलेली. वरच्या मजल्यावरून तीन बादल्या पाणी ओतले, तेव्हा तो थांबला. ज्वाळा दिसलीच नव्हती. गवत आतल्या आत धुमसत होते. कापसाची गादी तर तासन् तास अशी धुमसू शकते.

तेव्हापासून आम्ही एक खूण धरली. वारा जिथे पाचोळा आणून टाकतो, तिथेच तो ठिणगीही टाकणार. म्हणजे कुंड्यांच्या मागचा कोपरा, कूलरखाली, नाल्याच्या जाळीवर. तिथला केर रोज काढायचा. हंगामापूर्वी ताटीतले जुने गवत काढून टाकायचे, कूलर लावायच्या दिवशीच नवे भरायचे. खिडकीला नायलॉनऐवजी बारीक तारेची जाळी बसवायची. धूर दिसला की वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे, दारे लावायची, पाण्याची बादली हाताशी ठेवायची. रात्री निजताना विस्तव विझवायची ताकीद हदीसमध्ये आहे. अम्मी चुलीची राख चाळून बघितल्याशिवाय झोपत नसत. इथे विस्तव आपला नसतो, एवढाच फरक.

मग सोसायटीत बैठक झाली. शेतकऱ्याविरुद्ध तक्रार द्यायची, असा सूर होता. तो माझ्या एका विद्यार्थ्याचा बाप, म्हणून मीच बोलायला गेले. तो म्हणाला, "बाई, पऱ्हाटी उभी ठेवली त बोंडअळी पुढच्या सालीबी खाते. मशीनवाल्याले द्याले पैसे कोठून आणू?" त्याचे खोटे नव्हते. गुलाबी बोंडअळी तोडायची तर पऱ्हाटी शेतात ठेवू नका, असे कृषी विभागच सांगतो. बारीक करून मातीत मिसळणे चांगले, पण काडीपेटी स्वस्त पडते. शेवटी एवढेच ठरले: भर दुपारी नाही, वारा पडल्यावर पेटवायचे आणि आधी फोन करायचा. यंदा त्याने दोनदा फोन केला. तक्रार मागे पडली, तरी काहींना मी 'त्या बाजूची' वाटते. वाटू दे.

एका गोष्टीवर मात्र माझे कुणी ऐकत नाही. चोरांच्या भीतीने गॅलऱ्यांना पेटीसारख्या लोखंडी जाळ्या बसवल्यात, उघडायला दारच नाही. जिन्यात धूर भरला तर बाहेर पडायची तेवढीच एक जागा. तिसऱ्या मजल्यावरच्या खालाजान एकट्या राहतात, गुडघे गेलेले. त्यांच्या मुलाशी मी दोनदा बोलले. "टीचर, ईदनंतर बघू," म्हणाला. ईद होऊन गेली. आता वेल्डिंगवाल्याला मीच रविवारी बोलावलेय. जाळीत दार कापायचे, कडी आतून, किल्ली खालाजानच्या उशाशी. पैसे मुलाने द्यायचे, हे त्याला अजून सांगायचे आहे.