पुढच्या हाताची रायफल

थ्री-नॉट-थ्री कुणा एकाची कधीच नसते. ती कुणाच्या तरी हातून आपल्याकडे येते आणि आपल्यामागून तिसऱ्याकडे जाते. हुगळीकाठच्या ईशापूरच्या कारखान्यात घडलेल्या या रायफली घेऊन आपले जवान 1962 साली चीनशी लढले. पुढे पलटणींना नवी हत्यारं मिळाली आणि जुन्या रायफली पोलीस, होमगार्ड, एनसीसी अशा उतरत गेल्या.

बाबा पांढुर्ण्याला पोलिसात होते, घर आमचं सौंसरला. सुट्टीत मी त्यांच्या खोलीवर राहायला जाई आणि दुपारी ठाण्यात डबा पोचवी. गोटमारीचा, म्हणजे तिथल्या दगडफेकीच्या जत्रेचा, बंदोबस्त उरकला, की जाम नदीकाठच्या पावसात भिजलेल्या रायफली कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा होण्याआधी ताडपत्रीवर मांडल्या जात. गोळी एकही सुटलेली नसे, तरी साफसफाई पूर्ण. मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढायचा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानेही चाचपायचं. मग दस्त्याच्या पितळी झाकणाआडून पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, निघे. त्याचं पितळी वजन चेंबरच्या बाजूने नळीत सोडायचं आणि दोरी तोंडाकडून एका दमात सरळ ओढायची. दोरी तिरकी घासली तर नळीचं तोंड झिजतं आणि नेम कायमचा बिघडतो.

चांदमारीनंतर काम वाढे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचा क्षार नळीत उरतो आणि मिठासारखा हवेतली ओल ओढतो. तेलाने तो हटत नाही, त्याला पाणीच लागतं. म्हणून बाबा नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी ओतत. तापलेली नळी आतून लवकर सुकते. मग कोरड्या चिंध्या, एकीमागून एक, पांढरी बाहेर येईस्तोवर. तेल शेवटी, तेही पातळ. पुन्हा गोळी झाडायची वेळ आली की ते तेलही पुसायचं, कारण तेलकट चेंबरमध्ये काडतुसाची पकड सुटते आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. नळीत अडकून राहिलेली एक चिंधी तर नळी फाडू शकते. उजेडाकडे धरून नळीतून आरपार पाहिल्याशिवाय बाबा रायफल खाली ठेवत नसत.

सगळ्यात कडक नियम बोल्टचा. दहा रायफली एकत्र उघडल्या की बोल्टांची अदलाबदल सहज होते, आणि दिसायला सगळे सारखेच. पण प्रत्येक बोल्ट आपल्याच रायफलीला बसवून घेतलेला असतो. दुसरीत घातला तर काडतुसामागचं अंतर चुकतं आणि कवच फुटून गरम वायू मागे, झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. बाबा दोन्हीकडचे आकडे मोठ्याने वाचत आणि म्हणत, “बोल्ट ज्याचा त्यालेच लागला पाह्यजे. उद्या हे कोनाच्या हाती जाईन, आपल्याले ठावं नाई.”

2008 च्या 26 नोव्हेंबरला मुंबईच्या सीएसटीवर पोलिसांच्या हाती हीच रायफल होती, समोर दहशतवाद्यांच्या हाती एके-47. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला 2020 च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. तो फार उशिरा झाला, असं मला ठामपणे वाटतं. कितीही जीव लावून साफ केलेली जुनी रायफल शिपायाला नव्या हत्याराची जागा भरून देत नाही. पण हातात जी आहे ती तरी दगा देणारी नसावी, एवढं बाबांसारख्यांनी सांभाळलं.

आता मी शाळेत शिकवतो आणि एनसीसीची तुकडी पाहतो. आमच्याकडच्या रायफली निव्वळ कवायतीच्या: फायरिंग पिन काढलेली, नळीला भोक पाडलेलं. “सर, हिच्यातून गोळी सुटतच नाही, मग चेंबर कशाला पाहायचं?” असं एका मुलीने विचारलं. मी तिला सांगितलं, शिबिरात तुझ्या हाती पॉइंट टू-टू येईल. ती खरी असेल आणि तुझ्याआधी कुणीतरी ती हाताळलेली असेल.

शिबिरात तिची पाळी आली. तिने रायफल घेतली, तोंड चांदमारीकडे ठेवलं, बोट घोड्यापासून दूर. कुणी न सांगता बोल्ट उघडला, आत पाहिलं आणि मगच आडवी झाली. झाडून झाल्यावर तिने पुन्हा तेवढंच केलं आणि उघड्या बोल्टची रायफल पुढच्या मुलाच्या हाती दिली.